खालची खोली मूर्तिकाराला, वरची तुम्हाला: महालातील चितारओळीत राहायला येण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई अचलपुरात वाढल्या, पुण्यात आठ वर्षे मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढत होत्या आणि आता मिहान या विमानतळालगतच्या उद्योग-वसाहतीतील पतीच्या नोकरीमुळे पाच वर्षांच्या मुलीसह नागपुरात येत आहेत. आजूबाजूला कलेचे काम चालते, आणि तरीही अचलपुरासारखी माणसे एकमेकांना नावानिशी ओळखतात, अशा वस्तीत त्यांना राहायचे आहे. त्यासाठी नागपूरच्या महाल या जुन्या भागातील चितारओळीच्या, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीच्या, परिसरात घर बघावे की पश्चिमेच्या धरमपेठ-लक्ष्मीनगरकडे जावे, भाड्याने घ्यावे की विकत, आणि घर बघताना नेमके काय तपासावे, हे त्यांनी विचारले आहे.

मी वास्तुविशारद आहे. गेली चोवीस वर्षे महाल-इतवारी भागातील जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि राहतोही याच भागात. माझे उत्तर असे आहे, की तुम्ही अवश्य या; मात्र पहिली दोन वर्षे भाड्याने राहा, वरच्या मजल्यावर राहा, आणि कितीही मनात भरली तरी रस्त्यालगतची खालची खोली मागू नका. ही शेवटची अट विचित्र वाटेल, पण तुम्हाला जे हवे आहे ते सगळे त्या खालच्या खोलीवर उभे आहे.

ते कसे, हे समजण्यासाठी या भागाची घडण पाहावी लागते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले, आणि पुढे त्याच शतकात रघूजी भोसल्यांनी येथे राजधानी केली. दरबाराला जे जे लागत होते ते पुरवणारे लोक वाड्यांच्या सभोवती वसत गेले. आजही इतवारी-महालात ‘ओळ’ हा शब्द गल्लीच्या नावात टिकून आहे: किराणा ओळ, लोहा ओळ, चितारओळ. ओळ म्हणजे एकाच धंद्याच्या घरांची रांग. भोसल्यांच्या काळापासून चितारओळीत चितारी कुटुंबांची वस्ती असल्याचे सांगतात, आणि मूर्ती घडवणे व रंगवणे हे काम आजही तेथे घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याला लागून चालते. घर आणि कारखाना असा भेद या ओळीने कधी केला नाही. मागे चूल, वर झोपण्याची माडी आणि पुढे काम, अशी ही रचना आहे.

वर्षाचा मोठा भाग ही गल्ली इतर कुठल्याही जुन्या गल्लीसारखी दिसते, आणि ज्यांनी ती फेब्रुवारीत पाहिली ते निराश होऊन परत जातात. कामाला वेग येतो तो आषाढापासून. श्रावण वद्य अष्टमीला विदर्भातील घराघरांत मातीचा कान्होबा बसतो, म्हणून आधी कान्होबा, मग पोळ्यानंतर चारच दिवसांनी गणपती, पाठोपाठ महालक्ष्म्या, भाद्रपद पौर्णिमेपासून भुलाबाई, पितृपक्षात हाडपक्या गणपती, त्यानंतर नवरात्रातल्या दुर्गा व शारदा, आणि शेवटी दिवाळीची लक्ष्मी. म्हणजे साधारण जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत सबंध वर्षाची मिळकत कमवायची असते. हाडपक्या गणपतीचे नाव पुण्याकडच्यांना नवे असेल. परंपरा असे सांगते, की भोसले घराण्यातील खंडोजी ऊर्फ चिमणाबापू बंगालच्या स्वारीवरून परतले तेव्हा घरचा गणपती विसर्जित झाला होता, म्हणून त्यांनी १७८७ मध्ये पितृपक्षातच गणपती बसवला आणि त्यासमोर लावणी, खडी गंमत असे लोकरंजनाचे कार्यक्रम सुरू केले. महालातील भोसल्यांच्या वाड्यात ती प्रथा अजून चालू आहे. पुण्यात अनंत चतुर्दशीनंतर मूर्तिकार हात धुतो. येथे त्याच्या हातात पुढची माती असते.

आता खालच्या खोलीकडे येतो. शाडूची किंवा साध्या चिकणमातीची मूर्ती जड असते. लाकडी पाटणीच्या माडीवर तशा पन्नास मूर्ती ठेवल्या तर माडी वाकेल, त्यामुळे काम जमिनीवरच करावे लागते. शिवाय ती सुकते ऐन पावसाळ्यात, जेव्हा हवेतच ओल असते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती साच्यातून काढल्यावर लवकर वाळते व एकीवर एक रचूनही ठेवता येते. मातीच्या मूर्तीला मात्र डोक्यावर छप्पर, चारही बाजूंनी हवा आणि कित्येक दिवसांची सवड लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० रोजी काढलेल्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, त्यावर पुढे न्यायालयांत बराच ऊहापोह झाला, आणि या सगळ्यात मातीकडे वळणाऱ्या मूर्तिकाराची जागेची गरज वाढली. ओळीतली स्वतःच्या घराची पुढची खोली सर्वांनाच पुरत नाही. भावाभावांत वाटण्या होऊन घरे अरुंद झाली आहेत. म्हणून अनेक जण चार-पाच महिन्यांपुरती शेजारची ओसरी, छपरी, एखादे बंद दुकान किंवा कुणाच्या वाड्याचे अंगण भाड्याने घेतात. तो व्यवहार बहुधा तोंडी असतो, पिढ्यानपिढ्या एकाच घराशी चालत आलेला असतो, आणि त्याचे पैसे बाराही महिने भाडे देणाऱ्या नव्या भाडेकरूच्या मानाने कमी असतात.

हे मी जाणतो, कारण मी स्वतः ते बिघडवले होते. व्यवसाय सुरू केला तेव्हा मला गल्लीच्या तोंडाशी एक सुरेख खोली कार्यालयासाठी मिळाली: सागवानी खांब, दोन पायऱ्यांचा ओटा, पुढे कडुनिंब. घरमालकीणबाईंना वर्षभराचे भाडे मिळणार होते, मला जागा आवडली होती, आणि कुणीही मला काही बोलले नाही. आषाढ लागला तेव्हा एक वयस्क मूर्तिकार दाराशी आले, आत डोकावले, माझा टेबल आणि नकाशे पाहिले व ‘बरं बरं, चालू द्या’ म्हणून निघून गेले. ते त्या खोलीत एकवीस वर्षे बसत होते, हे मला नंतर समोरच्या काकूंनी सांगितले. त्या वर्षी ते शहराबाहेरच्या एका टिनाच्या शेडमध्ये गेले. त्यांच्याबरोबर त्यांच्या हाताखालची चार मुले गेली, त्या मुलांना चहा देणारा गेला, रात्री दोन वाजेपर्यंत जळणारा दिवा गेला, आणि मूर्ती बघायला थांबणारी शाळेतली पोरेही थांबेनाशी झाली. ज्या गल्लीसाठी मी तेथे आलो होतो, तिचा तेवढा तुकडा मीच विझवला होता. दोन वर्षांनी मी कार्यालय माडीवर नेले आणि खोली रिकामी करून दिली. ते गृहस्थ परत आले नाहीत, त्यांचा पुतण्या आला.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या येणाऱ्याला हेच सांगत आलो आहे. शहरातल्या एखाद्या भागाला लहान गावाचा स्वभाव कशाने येतो, याचा मी घरे दुरुस्त करता करता बराच विचार केला. येथली माणसे धरमपेठेतल्या माणसांपेक्षा जात्याच मायाळू आहेत असे मला वाटत नाही. फरक असा आहे, की येथे कामासाठी दार उघडे ठेवावे लागते. दार उघडे असले की येणारा-जाणारा दिसतो, दिसला की विचारपूस होते, आणि उधारी, निरोप, किल्ली, लहान मूल असे सगळे त्या दारातून एका घरातून दुसऱ्या घरात जात राहते. खालच्या मजल्यावरची दारे बंद झाली, तेथे काच लागली किंवा वाहने उभी राहू लागली, की वर कितीही कलावंत राहत असोत, ती गल्ली इतर कुठल्याही वसाहतीसारखी होते.

या ओळखीची दुसरी बाजू मी लपवून ठेवणार नाही. तुम्ही कुठे निघालात, पाहुणे कोण आले, दिवा उशिरापर्यंत का जळत होता, हे विचारले जाईल, आणि उत्तर टाळले तर ते शिष्टपणाचे मानले जाईल. भाड्याचे घर शोधताना आडनाव विचारतील, जात काढण्याचा प्रयत्न होईल, मांसाहार करता का असेही विचारतील. हे या भागातच होते असे नाही. पण धरमपेठेत जे आडवळणाने विचारतात ते येथे सरळ विचारतात. मला ही गोष्ट चोवीस वर्षांत कधीच मान्य झाली नाही. ज्या घरमालकाचा पहिला प्रश्न जातीचा असतो, त्याच्या घराची दुरुस्ती मी करत असलो तरी ते घर मी कुणाला राहायला सुचवत नाही, आणि तसे नसलेली घरे या भागात पुरेशी आहेत.

आवाजाची तयारीही हवी. गणपतीपासून दुर्गाविसर्जनापर्यंत ढोल-ताशे आणि ध्वनिक्षेपक असतात. शेवटच्या पंधरवड्यात रंगाचा, थिनरचा वास घरात शिरतो. मुलीला दम्याचा त्रास असेल तर मी तुम्हाला ओळीच्या अगदी आत न राहता बडकस चौकाच्या किंवा केळीबाग रस्त्याच्या मागच्या गल्ल्यांत घर बघायला सांगेन, जेथून ओळ पायी पाच-दहा मिनिटांवर राहते. चारचाकीचा विषय तर सोडूनच द्यावा. अरुंद गल्लीत अग्निशामक गाडीला जेमतेम वाट मिळते, आणि तेथे गवत, कागद, बांबू व रंग यांचा साठा असतो. म्हणून गल्लीत वाहन उभे करणे हा मी केवळ गैरसोयीचा प्रश्न मानत नाही. पतीच्या नोकरीसाठी मात्र मेट्रोचा उपयोग होईल. ११ डिसेंबर २०२२ रोजी सीताबर्डी ते प्रजापतीनगर हा टप्पा सुरू झाला आणि सेंट्रल अव्हेन्यूवर चितार ओळी चौक हे स्थानकच झाले. तेथून सीताबर्डीला गाडी बदलून खापरीपर्यंत जाता येते. पुढे मिहानपर्यंत दुसऱ्या वाहनाची सोय मात्र करावी लागेल.

आता प्रत्यक्ष घर. वरचा मजला घ्या असे मी सांगितले आहे, तर त्याच्या अडचणीही मीच सांगितल्या पाहिजेत. जुन्या घरांच्या खालच्या खोल्या जाड भिंतींमुळे मे महिन्यातही सुसह्य असतात, पण माडी कवेलूच्या (कौलांच्या) किंवा टिनाच्या थेट खाली असते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती, आणि ४५ च्या वर पारा जाणे येथे उन्हाळ्यात नित्याचे आहे. टिनाखालची खोली घेऊच नका. कवेलूंखाली बांबूच्या तट्ट्याचे किंवा फळ्यांचे छत असेल, आणि त्या छताच्या व कवेलूंच्या मधली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना वाट असेल, तर कूलरवर उन्हाळा निघतो. ही पोकळी बंद करून खालून प्लायवूड ठोकलेले असेल तर खोली दिसायला नीटनेटकी पण राहायला भट्टी असते. शिवाय वरून कवेलू फुटून पाणी गळत असले तरी प्लायवूडमुळे ते कळत नाही आणि वासे आतून कुजतात.

कूलरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मी दुरुस्त केलेल्या माड्यांपैकी निम्म्यांचे नुकसान त्याच्यामुळे झाले होते. भरलेल्या मोठ्या कूलरचे वजन शंभर किलोच्या घरात सहज जाते. तो जुन्या खिडकीच्या चौकटीवर टांगला, तर मातीच्या जोडाईतून चौकट सुटू लागते. तो माडीवर आत ठेवला, तर ताट्यांतून ठिबकणारे पाणी फळ्यांतून झिरपून तुळईपर्यंत जाते. लोखंडी घोडी करून तो बाहेरच्या सज्जावर ठेवावा, आणि सज्जा लाकडी असेल तर त्याखाली आधार द्यावा. जुन्या घरांत पुष्कळदा अर्थिंग नसते. कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या नागपुरात दर उन्हाळ्यात येतात, त्यामुळे घर ठरवण्याआधी वीजतंत्रीकडून अर्थिंग तपासून घ्या आणि गळतीचा प्रवाह तोडणारे सुरक्षा-बटण नसेल तर ते बसवण्याची अट करारात घाला.

लाकूड कसे तपासावे ते कुणीही शिकू शकते. तुळई मध्यावर चांगली दिसते. ती कुजते ती भिंतीत शिरलेल्या टोकांशी. तेथे जाडसर टोच्याने दाबून पाहा. सागवान सहज आत घेत नाही. टोचा बोटाच्या पेराएवढा आत गेला तर ते टोक कामातून गेले आहे. उधईची मातीची रेघ भिंतीवरून वर चढलेली दिसली तर ती कुठून आली हे शोधून काढल्याशिवाय पुढे बोलू नका. खालच्या भिंतीला अलीकडे सिमेंटचा गिलावा केला असेल आणि त्यावर गुडघ्याच्या उंचीपर्यंत पोपडे आले असतील, तर समजावे की चुन्या-मातीच्या भिंतीतली ओल कोंडली गेली आहे; चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर पडत असते. माडीवर नंतर बांधलेली न्हाणी कुठे आहे तेही पाहा. लाकडी पाटणीवर फरशी ठोकून केलेली न्हाणी मी पाहताक्षणी नाकारतो. तुम्ही चित्रकार आहात, तुमच्याकडे पुस्तके आणि कागद असणारच, आणि कागदाचे वजन लोकांना कळत नाही. पुस्तकांची कपाटे भिंतीलगत, तुळईच्या टोकांजवळ उभी करा, खोलीच्या मध्यभागी कधीही नको.

कागदपत्रांत सर्वात आधी नगर भूमापन कार्यालयातील आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा. जुन्या वाड्यांवर चार-सहा वारसांची नावे असतात आणि घर दाखवणारा बहुधा त्यांपैकी एकच असतो. बाकीच्यांची संमती किंवा मुखत्यारपत्र नसेल, तर दिवाळीत मुंबईहून आलेले दुसरे भाऊ तुम्हाला दारात उभे राहून प्रश्न विचारतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी असणे व नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. ‘आपल्या इकडे तोंडीच चालते’ असे सांगितले जाईल; मूर्तिकाराच्या हंगामी जागेबाबत ते खरे असेलही, पण तुम्ही नव्या आहात. करारात एक गोष्ट मी आग्रहाने लिहून घ्यायला लावतो: खालची ओसरी किंवा छपरी हंगामात ज्यांना दिली जाते त्यांना ती दिली जाईल आणि त्यास भाडेकरूची हरकत राहणार नाही. घरमालकांना याचे आश्चर्य वाटते, पण एका ओळीने तुमचे आणि खाली बसणाऱ्याचे नाते पहिल्याच दिवशी नीट ठरते.

विकत घेण्याची घाई करू नका, असे मी का म्हणतो? पहिले कारण वारसांचे, ते वर आलेच. दुसरे असे, की तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासून घेण्याची जबाबदारी महानगरपालिकेच्या कायद्याने मालकावर टाकली आहे, आणि सामाईक भिंतीच्या घरात शेजाऱ्याने आपले घर पाडले की तुमच्या भिंतीचा आधार जातो. शेजारच्या दोन्ही घरांचे पुढच्या पाच वर्षांत काय होणार, हे तेथे राहिल्याशिवाय कळत नाही. राहिल्यावर ते महिनाभरात कळते, कारण ओट्यावर दुसरे काय बोलतात! जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, असेल तर भाडेपट्ट्याची मुदत व नूतनीकरण हे वकिलाकडूनच तपासून घ्या.

धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर यांविषयी माझ्या मनात कमीपणा नाही. कलेचे कार्यक्रम पाहायचे, ऐकायचे असतील तर पश्चिमेकडे राहणेच सोयीचे: लक्ष्मीनगरचे सायंटिफिक सभागृह, सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, चिटणवीस सेंटर आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, सगळे त्या बाजूला आहे. गोकुळपेठेच्या बाजारात भाजीवाल्या मावशी तुम्हाला दोन महिन्यांत ओळखू लागतील आणि संध्याकाळी कॉफी हाउस चौकात तुमच्या व्यवसायातली माणसेही भेटतील. मात्र तेथे कला तयार होते ती बंद दारांमागे, आणि तुम्ही तिला भेटता ती तिकीट काढून. तो भाग अधिक सुरक्षित आहे असे समजून कुणी जात असेल तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवावी: काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. घर कुठेही घ्या, नदी-नाल्यापासूनची उंची पाहूनच घ्या. महालाला रंगमंचही अगदी दूर नाहीत. रेशीमबागेतील सुरेश भट सभागृह २०१७ पासून सुरू आहे.

मुलीविषयी तुम्ही काळजीने विचारले आहे. तिच्या बाजूने पाहिले तर मी निःसंकोच महाल म्हणेन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि प्रत्येक घर त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवते. पाच वर्षांचे मूल त्या एका दिवसात गल्लीतली सगळी घरे ओळखून घेते. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घालवण्यासाठी मिरवत नेलेले दोन मोठे स्त्री-पुतळे, निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची व पिवळीची १८८५ पासूनची मानतात, आणि त्यांच्या मागून निघणारे बडगे, म्हणजे पुरुष-पुतळे, दरवर्षी नव्या विषयावर, भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंत, तिथल्याच मंडळांतली मुले कागद, बांबू आणि चिंध्यांतून उभे करतात. मारबतीच्या वाटेवर प्रचंड गर्दी असते, त्यामुळे लहान मुलीला घेऊन रस्त्यावर न उतरता एखाद्या ओळखीच्या माडीवरून ती पाहावी. भुलाबाईच्या दिवसांत संध्याकाळी मुली घरोघर जातात. पूर्वीइतके हे आता राहिलेले नाही, पण महालात त्याला बोलावणारे दोन-चार वाडे अजून सापडतात.

तुमच्या स्वतःच्या कामाबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हल्ली श्रावणात कॅमेरे घेऊन पुष्कळ लोक ओळीत येतात. मूर्तिकार त्यांना हाकलत नाहीत, पण प्रत्येक जण दहा मिनिटे घेतो आणि दिवसात असे तीस जण येतात. तुम्ही येथे राहणार असाल तर पहिल्या हंगामात वही-पेन्सिलही घरीच ठेवा. रोज एकाच कारखान्यात अर्धा तास बसा, माती मळणे किंवा पांढऱ्या रंगाचा पहिला हात देणे असे जे काम देतील ते करा. डोळ्यांच्या आखणीला कुणी तुम्हाला हात लावू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. मुख्य कारागीर ती सहसा स्वतः करतो, बऱ्याचदा रात्री, गर्दी ओसरल्यावर. आपले चित्र विकताना तुम्ही पुण्यात जसा दर सांगत होता तसाच तो सांगणाराही कलावंत आहे, म्हणून घरचा गणपती घेताना घासाघीस करू नका, आणि तो आषाढातच थोडी आगाऊ रक्कम देऊन ठरवा. माती, रंग, मजुरी हे सर्व आधी घालावे लागते आणि पैसे हाती येतात चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत. आषाढात मिळालेली रक्कम कारागिराला कर्जाच्या व्याजातून सोडवते.

भाषेचा प्रश्न तुम्हाला पडणार नाही, वऱ्हाडी तुमच्या कानात आहेच. मुलगी मात्र पुण्याची मराठी बोलत येईल आणि सहा महिन्यांत ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणू लागेल. तिला टोकू नका.

घर बघायला जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात या. सकाळी दहाला दलालाबरोबर नको. संध्याकाळी सातनंतर या, पाऊस असेल तर अधिक चांगले. चितार ओळी चौकात मेट्रोतून उतरा आणि आत चालत या. कुठल्या घराची माडी रिकामी आहे हे दलालापेक्षा चहावाल्याला नीट ठाऊक असते. माडी दाखवतील तेव्हा वर जाण्याआधी खालच्या खोलीत कोण बसले आहे ते पाहा, त्यांना नमस्कार करा, आणि वरच्या मजल्यावर पाणी सांडले तर खाली कुठे गळते हे त्यांनाच विचारा. घरमालकापेक्षा त्यांचे उत्तर अचूक असेल, कारण दरवर्षी त्यांच्या मूर्ती त्याच पाण्याखाली सुकत असतात.